रुंद पातं

दादा, जंगलखात्याने तुमच्याकडून हिसकावून नेलेल्या धनुष्याबद्दल, तुमच्या त्या कमठ्याबद्दल, मी आजवर पुष्कळ बोलले. घोडेगावच्या मोर्चात, आपल्या डोंगरातल्या माणसांसमोर, घसा बसेपर्यंत बोलले. डोंगर आमचा, देव आमचा आणि गुन्हेगारही आम्हीच, असं म्हटलं की खाली बसलेली माणसं उठून उभी राहतात. तो अन्याय तुमचा, माझा, आपल्या सगळ्यांचा आहे. पण तुम्ही केलेला एक अन्याय मी कुठल्याच माईकवर बोलले नाही. तो आज लिहिते.

तुमचा नातू, माझा मुलगा, अमेरिकेत असतो. तिथे एल्क नावाचं हरीण आहे, आपल्या सांबराहून बरंच थोराड. धनुष्याने त्याची शिकार करायचा परवाना त्याने रीतसर काढला आहे. ज्यासाठी तुम्हाला चोरासारखं उभं केलं, त्यासाठी तिथे माणसं हौसेने रजा काढतात. हे कसंबसं गिळलं. परवा फोनवर तो मला बाणाची पाती दाखवत होता.

"आई, सरावाचं साधं टोक लावलं की बाण बरोबर मधे लागतो. शिकारीचं रुंद पातं लावलं की वीतभर बाजूला."

"हात हलत असेल तुझा."

"हात तोच, धनुष्य तेच. रुंद पातं म्हणजे बाणाच्या तोंडाला पंख लावल्यासारखं आहे. सुटताना बाण जरा वाकडा असला की वारा त्या पात्याला धरतो आणि आणखी वाकडा नेतो. म्हणून मी आखूड, अरुंद पातं घेतोय. ते धनुष्याशी लवकर जुळतं. आणि आता सरावही त्याच पात्यांनी करणार."

तो पुढे पुष्कळ बोलला. माझं लक्ष नव्हतं. मी माझ्या लहानपणात, आपल्या अंगणात जाऊन पोचले होते.

तुम्ही लोहाराकडून नवी पाती करून आणली आहेत, तीन बोटं रुंद. तुम्हीच कौतुकाने सांगताय, लोहार म्हणाला, "भाऊ, एवढं थोरलं?" आणि तुम्ही म्हणालात, "सांबर हाय, ससा नाय." धार जाईल म्हणून पाती फडक्यात गुंडाळून ठेवता आणि सराव करता खिळ्याच्या टोकाच्या बाणांनी. केळीच्या बुंध्यात बाण एकाशेजारी एक रुततात. शिकारीच्या दिवशी ते रुंद पातं पहिल्यांदाच हवेत गेलं. सांबराच्या खांद्यावर धरलेला बाण मांडीत घुसला. जनावर रक्त सांडत दरीत उतरलं. ना ते सुखाने मेलं, ना कुणाच्या हाती लागलं.

रिकाम्या हाताने परतलेली माणसं अंगणात बसली. कुणीतरी हसत म्हणालं, "काय राव, केळीनं तुमचं काय घोडं मारलं व्हतं?" सगळे हसले. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही आईकडे पाहिलंत.

"बाण माझा नाय चुकला. घरातच चुकलंय. कमठ्याला बाईचा हात लागला."

ओट्यावरून आई म्हणाली, "उंदीर दोरी कुरतडत व्हता वो. म्हणून खुंटीवरनं काढून वर टांगला."

"लई शहाणी झालीस!"

एवढंच. तुमचा नेम शाबूत राहिला. त्यानंतर बायका तिला ओटी भरायला बोलवेनात. पुरुष रानात निघाले की ती आपणहून दाराआड जायची, तोंड दिसू नये म्हणून. दादा, ती अजून जाते. माझा भाचा भीमाशंकरच्या यात्रेकरूंसाठी जीप चालवतो. रोज पहाटे गाडी फाट्याला लागेपर्यंत ही म्हातारी दाराआड उभी असते. तो ओरडतो, "आज्जे, ये की भायेर!" ती येत नाही.

मी इतिहास वाचला, कायदे वाचले. वरून आलेला जुलूम मला लांबून ओळखू येतो. एक लोखंडाचा तुकडा हवेत कसा वळतो हे तुम्हाला माहीत नव्हतं, त्याचा मला राग नाही. तुम्हाला तेव्हा कोण सांगणार होतं? पण माहीत नाही, असं म्हणता आलं असतं. हसणाऱ्या चार माणसांपुढे तेवढं म्हणण्यापेक्षा बायकोचं आयुष्य अंधारात ढकलणं तुम्हाला सोपं वाटलं. ज्यांनी तुमचं धनुष्य नेलं, त्यांनीही असंच केलं होतं. स्वतःला जंगल राखता आलं नाही हे झाकायला आपल्यापेक्षा खालचा माणूस शोधला.

मी गावी गेले आणि आईला सगळं सांगितलं. पातं, वारा, नातवाचं बोलणं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबले. मला वाटलं, आता रडेल.

"खरं का गं?" ती म्हणाली. मग सूप बाजूला ठेवून हळूच, "त्यांना नको सांगू हां. लई लागंल त्यांच्या मनाला."

तुम्हाला जाऊन किती वर्षं झाली, दादा! आणि ही अजून तुमचं मन जपते आहे.

हे पत्र तुमच्या फोटोमागे ठेवणार होते. ठेवणार नाही. आईचा शब्द मोडवत नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं एवढंच की हजारोंच्या सभेत न घाबरणारी मी, फोटोतल्या तुमच्या डोळ्यांना अजून घाबरते. तुम्ही तिच्या स्वप्नात येता म्हणे अधूनमधून, ओट्यावर बसून चहा मागता. पुढच्या खेपेला आलात की चहा मागू नका. बाण माझा चुकला, एवढं तिला सांगा.