गुरुवारची पिशवी

२० ऑक्टोबर २००७, शनिवार. खंडेनवमी

सकाळी घरची पूजा झाल्यावर कुंकवाची डबी रुमालात बांधून रक्तपेढीत नेली. पिशव्या देण्याच्या खिडकीवरचा जुना काँप्युटर, त्याला दरवर्षी या दिवशी कुंकू लावतो. आज तो टेबलावर नव्हता. खाली कोपऱ्यात, वायरी गुंडाळून. त्याच्या जागी नवा, काळा.

प्रोग्रॅम मात्र जुनाच, माझाच, ब्याण्णव सालचा. नव्यावर तो चालत नाही. म्हणून नव्याच्या पोटात एक जुने मशीन उभे केले आहे. त्याला हात लावता येत नाही, पण आहे. व्हर्च्युअल मशीन. त्यात डॉस ही जुनी प्रणाली, डॉसमध्ये प्रोग्रॅम. वर एक छोटा लाँचर वेगळा लिहिला. पडद्यावर लाल थेंब, तो दाबला की आतले मशीन उठते आणि थेट पिशवीचा नंबर विचारते. खिडकीवरच्या माणसाला मधले काही दिसू नये.

कुंकू कोणाला लावावे कळेना. दोघांनाही लावले. खिडकीवर बसणाऱ्या जिग्नाबेन हसल्या. "काका, अंदरवाळाने केवी रीते लगाडशो?"

आतल्याला कसे लावणार, खरेच.

२२ ऑक्टो., सोमवार

तक्रार. लाल थेंब दाबल्यापासून नंबर विचारेपर्यंत दोन मिनिटे जातात. जिग्नाबेन चहाला उठताना बंद करतात, आल्यावर परत दोन मिनिटे. डेंग्यूचे दिवस, खिडकीबाहेर प्लेटलेट न्यायला आलेल्यांची रांग. एक जण जाळीला धरून म्हणाला, "तमारुं मशीन चालू थाय त्यां सुधी मारी बा..." आईबद्दलचे वाक्य पुरे केले नाही त्याने.

दुपारी लाँचर बदलला. आता बंद केले की आतले मशीन मिटत नाही, आहे तसे गोठते. दाबले की तिथूनच पुढे. चार सेकंद.

जिग्नाबेन: "काका, तमे तो जादूगर." प्रमुख डॉक्टर मॅडमही येऊन बघून गेल्या. "पाटीलभाई, आ सारुं कर्युं." छाणीला घरी येईपर्यंत स्कूटरवर मनात तेच. जप राहिला. नोंद करून ठेवतो, कौतुकाने जप राहिला.

२३ ऑक्टो., मंगळ.

विशेष नाही. रात्रपाळीवाले वहीत लिहितात, ते सकाळी जिग्नाबेन मशीनवर चढवतात. आतले मशीन रात्री आठ ते सकाळी आठ निवांत.

हिला सगळे सांगितले. म्हणाली, "मशीनला झोपवता येतं तुम्हाला. स्वतःला कधी?"

२५ ऑक्टो., गुरुवार

उपास. दत्ताला जाऊन मग पेढीत गेलो म्हणून उशीर. दिवसभर वरच्या मजल्यावर रक्तदान शिबिराच्या याद्या छापत होतो. खिडकीकडे फिरकलो नाही. गर्दीचा आवाज वर येत होता.

२६ ऑक्टो., शुक्र.

खिडकीवरचा कागद संपला म्हणून गठ्ठा घेऊन खाली गेलो. बाजूला दिलेल्या पिशव्यांच्या चिठ्ठ्यांच्या प्रती. वरच्या चिठ्ठीवर छापलेली तारीख २४. तिच्यावर पेनची रेघ, शेजारी निळ्या शाईत २६. खालचीवरही रेघ. त्याखालीही.

"हे काय?"

"मंगळवारथी तारीख पाछळ आवे छे. हुं पेनथी सुधारी नाखुं छुं."

"तारीख मागे पडते, हे मला सांगितलं का नाही?"

"तमे आटली महेनत करी, काका. नानी वातमां शुं कहेवानुं?"

छोटी गोष्ट, म्हणे. डॉस उठताना एकदाच खऱ्या घड्याळाकडे बघतो, पुढे स्वतःच मोजत राहतो. हे मला पंधरा वर्षे माहीत आहे. आणि सोमवारपासून मी त्याला नव्याने उठूच दिलेले नाही. रोज बारा तास गोठायचा, सकाळी तिथूनच मोजायचा. चार रात्री, दोन दिवस. बाहेर शुक्रवार, त्याच्या लेखी अजून बुधवार.

चिठ्ठीवरची तारीख पेनने सुधारते. पिशवीची मुदत तो त्याच्या तारखेने बघतो. प्लेटलेटला पाच दिवस, पुढे पिशवीत जंतू वाढू शकतात. मुदत संपलेली पिशवी पुढे आली की "थांबा" म्हणणे, यासाठीच तर तो तिथे आहे.

लाँचर पंधरा मिनिटांत नीट केला. आता उठवताना बाहेरची वेळ आत सांगतो. एवढेच करायचे होते. सोमवारी.

मग मंगळवारपासूनच्या सगळ्या चिठ्ठ्या घेऊन बसलो. एकेक नंबर, पेनची तारीख, मुदत. सगळ्या ठीक. एक सोडून. गुरुवार, दु. पावणेतीन. प्लेटलेट. मुदत २४. छापलेले २४. पेनने २५.

पेशंट सावली गावाकडची बाई, वय सव्वीस. रावपुऱ्यातल्या एका खाजगी दवाखान्यात.

जिग्नाबेनना विचारले, पिशवीवरची मुदत बघितली होती का. "स्क्रीनमां ओके आव्युं, काका. बहार तो जुओ केटला माणस." खरे आहे. त्यांना स्क्रीनवर विश्वास ठेवायला मीच शिकवले.

काँप्युटरात सगळे जुळते. मुदत २४, दिली २४. कोणी विचारले तर तो माझ्या बाजूने साक्ष देईल. खरे काय ते फक्त त्या निळ्या आकड्यात. आणि अक्षर जिग्नाबेनचे. ज्याच्या हाती ही चिठ्ठी लागेल तो म्हणेल, या बाईने स्वतःच्या हाताने २५ लिहिले आणि तरी पिशवी दिली.

गावच्या शाळेत भिंतीवरच्या घड्याळाला किल्ली द्यायचे काम माझ्याकडे होते. बंद पडले की गुरुजी लगेच हाक मारायचे. मागे पडले की शाळाच उशिरा सुटायची, कोणाच्या लक्षात येत नसे.

मॅडम घरी जाताना जिन्यात भेटल्या. "बधुं बराबर ने, पाटीलभाई?"

सगळे ठीक, म्हणालो.

संध्याकाळी हिला सांगितले, जिन्यातले सोडून. ही तांदूळ निवडत होती. एक खडा वेचून बाजूला टाकला. मग, "ती बाई कशी आहे?"

हे मला सुचलेच नव्हते. दुपारपासून चिठ्ठीचाच विचार करत होतो.

२७ ऑक्टो., शनिवार

पूजेला बसलो, उठलो. दिवा लावला तेवढेच.

साडेसातला त्या दवाखान्यात. सिस्टरला रक्तपेढीतून आलो म्हणून सांगितले. बाईचा ताप गुरुवारी सकाळी उतरला होता, रात्रीपासून परत चढला आहे. थंडी वाजते. डेंग्यूने असेल. पिशवीनेही असेल. सिस्टरला पिशवीचे माहीत नाही, म्हणून ती डेंग्यूच धरून बसली आहे. तिला तिथल्या तिथे सांगायला हवे होते. न सांगताच वळलो.

बाहेर बाकावर बाईचे सासरे. "तमे कोना सगा?"

"कोणाचा नातेवाईक नाही. रक्तपेढीत असतो."

ते उठून उभे राहिले. हात जोडले. "बहु फर्या, क्यांय नहोती मळती. तमारे त्यां मळी. भगवान तमारुं भलुं करे."

कुठेच न मिळालेली पिशवी आमच्याकडे मिळाली, त्याचे आभार. मीही हात जोडले.

तिथून सरळ पेढीत. वरच्या मजल्यावर बसून हाताने एक पान लिहिले. मराठीत आधी, मग गुजराथीत. लाँचरमधला बदल मी केला. तपासला नाही. त्यामुळे आतली तारीख मागे पडली आणि मुदत संपलेली पिशवी गेली. जिग्नाबेनना याची कल्पना नव्हती. कालच कळूनही मी मॅडमना सांगितले नाही. हे शेवटचे वाक्य लिहायला सगळ्यात वेळ लागला.

मॅडम पावणेनऊला आल्या. त्यांच्या मागोमाग आत गेलो, तोंडीच सांगितले. खुर्चीत बसल्याच नाहीत. उभ्याउभ्याच दवाखान्यात फोन. तिथल्या डॉक्टरांना पिशवीचा नंबर, मुदत, सगळे सांगितले. रक्ताची तपासणी लगेच पाठवा म्हणाल्या. निदान हे झाले.

फोन ठेवल्यावर माझ्या हातातला कागद बघितला. वाचला. घडी घालून माझ्याकडे परत केला.

"फोन थई गयो. हवे आनी जरूर नथी. घरे लई जाओ."

"आता गरज नाही, घरी नेऊ? आणि चिठ्ठीवर जिग्नाबेनचं अक्षर आहे, त्याचं काय?"

"ए हुं जोई लईश."

"मॅडम, तुम्ही बघाल. तुमच्यानंतर जो बसेल तो?"

त्यांनाही संस्था सांभाळायची आहे, समजते मला. खालून जिग्नाबेनचा आवाज येत होता, रांगेतल्या कोणाला तरी नंबर विचारत होत्या. फोन परत वाजला. दवाखान्याचाच असावा. मॅडमनी उचलला आणि माझ्याकडे पाठ केली.

मी घडी उलगडली. कागद टेबलावर ठेवला, त्यावर खिशातली गुरुवारची चिठ्ठी. पंखा चालू होता, म्हणून वर त्यांचे पेपरवेट ठेवले आणि बाहेर आलो.