रॉयसच्या कानात सांगितलेली उत्तरं

३ ऑक्टोबर २०११

लोर्नाचा फोन. रॉयस काल स्वतःच्याच गल्लीत हरवला. पोलिसांनी घरी आणून सोडलं. पंचावन्न वर्षांचा माणूस! म्हणाली, "येऊन जा, एमेट. नवऱ्याला माझं नाव आठवत नाही, तुझं अजून घेतो." येतो म्हणालो.

४ ऑक्टोबर

गेलो नाही. सर्दी झालीय म्हणून थाप मारली.

९ ऑक्टोबर

गेलो शेवटी. मला ओळखलं नाही त्यानं. लोर्नानं त्याच्या ताटातलं मांस बारीक कापून दिलं. ज्या हातांनी अमेरिकन फुटबॉलच्या मैदानात धिप्पाड गडी आडवे करायचा, ते हात मांडीवर ठेवून तो मुकाट्यानं वाट बघत होता.

मी त्याच्या संघाचा फिजिओ होतो, बावीस वर्षं. निघताना त्यांची शेजारीण म्हणाली, तुम्हीच जपलंत हो त्याला. जपलं!

११ ऑक्टोबर

लिहूनच टाकतो. सत्त्याऐंशीचा नोव्हेंबर, क्लीव्हलँडमधला सामना. हेल्मेटवर हेल्मेट आपटलं. रॉयस उठला आणि समोरच्या संघाच्या बाकाकडे चालू लागला. मी धरून आणला. "एमेट, आपण कुठं आहोत रे?" डॉक्टर शुद्ध तपासायला येतच होते; उत्तरं चुकली की खेळाडू बाहेर. प्रशिक्षक माझ्याकडे बघत होते. मी रॉयसच्या कानात सांगितलं: क्लीव्हलँड, रविवार, तिसरं सत्र. डॉक्टरांनी विचारल्यावर त्यानं घडाघडा म्हणून दाखवलं. परत मैदानात. जिंकलो आम्ही.

आणि हे एकदाच नाही. त्या मोसमात चारदा, दर वेळी डोक्याला मार बसलेला असताना.

१८ ऑक्टोबर

लोर्नाला सांगितलं. ती धुतलेल्या कपड्यांच्या घड्या घालत होती. हात थांबले नाहीत. म्हणाली, "माहीत आहे मला. त्यानंच घरी येऊन हसत हसत सांगितलं होतं. मीही हसले."

मग बराच वेळ आम्ही दोघं टॉवेलांच्या घड्या घालत बसलो. माफी तिनं दिली नाही. मी मागितलीही नाही.

२० ऑक्टोबर

आज रॉयसला सांगितलं. शेजारी बसून, सावकाश — डोकं ठिकाणावर नसताना तुला मैदानात पाठवायचो, तो मीच. त्यानं नीट ऐकून घेतलं. माझ्या खांद्याचा आधार घेऊन उभा राहिला.

"मग पाठव ना," म्हणाला. "बसवून का ठेवलंयस?"