मोटरखोलीमागचे ससे

सोहार, ओमान
दि. ३ नोव्हेंबर २०२५

ती. पप्पांस,
उर्सुलाचा सा. न. वि. वि.

आम्ही तिघंही बरे आहोत. तुम्ही कानाचं यंत्र पुन्हा कपाटात ठेवून दिलंत, हे वहिनीकडून कळलं. म्हणजे फोनवर बोलणं संपलं. रसेलच्या प्लांटमधले एकजण सुट्टीवर वसईला निघालेत, त्यांच्या हाती हे पत्र देते. रसेलची शिफ्ट दर आठवड्याला बदलते, त्यामुळे घरात कायम कुणीतरी झोपलेलं असतं आणि बाकीचे कुजबुजत असतात. इलेन आता दहाची झाली. मराठी वाचते, पण उत्तर इंग्रजीतच देते.

लिहायचं कारण म्हणजे आमच्या इमारतीच्या आवारात ससे झालेत. हसू नका. मी मोजले तेव्हा बारा होते. तळमजल्यावरच्या कुलसुमने एसीच्या पाण्यावर मेथी-कोथिंबीर लावली होती, ती मुळासकट गेली. ती रत्नागिरीची, तोंडाने फटकळ. ससा दिसला की चप्पल घेऊन धावते. घरमालकाच्या खजुराच्या कोवळ्या रोपांची साल सोलली गेली. आणि गेल्या आठवड्यात पाण्याच्या मोटरची वायर कुरतडल्यामुळे आख्खी इमारत दोन दिवस कोरडी होती. मालकाला आम्ही सगळे अर्बाब म्हणतो. ते शुक्रवारी आले, चहा घेतला, आणि शांतपणे सांगून गेले की महिनाअखेरपर्यंत ससे गेले नाहीत तर औषध टाकणारा माणूस बोलावणार. औषध म्हणजे काय ते तुम्हाला कळलंच.

सगळ्यांचा संशय वरच्या मजल्यावरच्या देवेशवर आहे. त्याच्या बाल्कनीत ऑगस्टपासून पिंजरा आहे, त्यात एकच ससा. तो जिन्यात उभा राहून सांगत होता की त्याचा ससा कधी खाली उतरलाच नाही. कुणी मानलं नाही. आता त्याच्या मुलांना खेळायला कुणी हाक मारत नाही.

सगळ्यांत मोठी मादी तपकिरी आहे, तिचा डावा कान लोंबतो. तीच या सगळ्यांची आई असणार. तुम्ही वाडीत इतकी वर्षं ससे पाळलेत. विष न घालता त्यांना कसं धरावं ते सविस्तर लिहा. माझं कशात लक्ष लागत नाही, भात दोनदा करपला.

वहिनीला नमस्कार. यंत्र कानात घालत जा, म्हणजे माझी माया तुम्हाला ऐकूही येईल.

तुमची,
उर्सुला

*

वसई,
दि. १० नोव्हेंबर २०२५

चि. उर्सुला हिस अनेक आशीर्वाद.

पत्र पोचले. येशूकृपेने आम्ही ठीक. यंत्रात सगळ्या जगाचा खरखराट ऐकू येतो आणि माणसाचे बोलणे तेवढे येत नाही, म्हणून ते कपाटात आहे.

सशांचे लिहितो. कुलसुमबाईंना सांग, धावायचे नाही. ससा नुसत्या भीतीने मरतो. कान धरून उचलायचा नाही, मागचे पाय मोकळे लोंबू द्यायचे नाहीत. एक झटका दिला तर स्वतःचीच कंबर मोडतो. जाळीचा पिंजरा घ्या. दार तारेने उघडे बांधून ठेवा आणि रोज संध्याकाळी ठरल्या वेळी आत लसूणघास टाका. चार-पाच दिवस नुसते खाऊ द्या. निर्धास्त झाले की मग दार सोडा. सापडला की पिंजऱ्यावर कापड टाका, उन्हात ठेवू नका. नर आणि मादी त्याच दिवशी वेगळे करा, नाहीतर महिन्याभरात पुन्हा पहिल्यासारखे होईल. वाळवंटात नेऊन सोडू नका, पाळीव जनावर तिथे दोन दिवस टिकत नाही. मोटरखोलीभोवती जाळी लावा, हातभर जमिनीत पुरा. आणि विषाला हात लावू देऊ नका. मरण हळू येते, आणि विष मांजरांनाही लागते.

आता दुसरे. इलेनच्या नवव्या वाढदिवसाचा फोटो माझ्या बायबलात आहे. तिच्या मांडीवर दोन ससे आहेत. एकाचा डावा कान लोंबतो. इलेनने पिंजऱ्याची कडी उघडी ठेवली आणि ते पळाले, असे तू कळवले होतेस. मग हे ससे आपलेच. पोरीच्या हातून चूक झाली, त्यात लाज कसली? देवेशवर आळ येत असताना तू गप्प का बसलीस, हे मला समजत नाही. समजावून लिही.

तुझ्यावरचा लोभ जुनाच आहे, त्याला गंज नाही.

तुझा,
पप्पा

*

सोहार,
दि. १९ नोव्हेंबर २०२५

ती. पप्पांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही विचारलंत ते बरं केलंत. कुणीतरी विचारावं म्हणूनच तो कान पत्रात लिहिला असावा.

कडी इलेनने उघडी ठेवली नव्हती. मी उघडली होती. गेल्या वर्षी ससे गेले त्या महिन्यात रसेलची डबल ड्यूटी चालू होती, माझं ऑफिसचं ऑडिट, घरात सशांचा वास, आणि साफ करणारी मी एकटी. एका सकाळी ती शाळेच्या बसमध्ये चढल्याबरोबर मी पिंजरा मागच्या मोकळ्या जागेत नेला आणि आडवा केला. ते लगेच गेलेही नाहीत. दोघं माझ्या पायाशी बसून राहिले. मीच टाळी वाजवली. कुणी पाहिलं नाही, आमच्याकडे ससे होते हेही इमारतीत कुणाला ठाऊक नव्हतं. कुलसुम गावी होती, वरचा फ्लॅट तेव्हा रिकामा होता. दुपारी इलेन आल्यावर तिने विचारायच्या आधीच मी सांगून टाकलं की तिने सकाळी कडी लावली नव्हती. रसेललाही तेच माहीत आहे.

पप्पा, ती मुलगी तेव्हापासून कड्या तपासते. दाराची, कपाटाची, दप्तराची चेन, गॅसचं बटण. बस खाली हॉर्न देत असते आणि ही दुसऱ्यांदा जिना चढून दार ओढून बघते. टीचरने बोलावून विचारलं की घरी काही झालं आहे का. मी नाही म्हणाले. मागच्या महिन्यात लोंब्या कानाची मादी दिसली तेव्हा इलेनने मला विचारलं, ही आपलीच ना. मी म्हटलं, असे कान पुष्कळांचे असतात. तिने मान डोलावली आणि त्या रात्री ती जेवली नाही.

पिंजरे तुम्ही सांगितलंत तसेच लावले आहेत. काल पहिले तीन सापडले. कुलसुमचा भाऊ जिब्रान खाबुऱ्याला एका शेतावर कामाला आहे, तो न्यायला तयार आहे. पण त्याने स्पष्ट सांगितलं की त्याचा अर्बाब ससे पाळेल, आणि पाहुणा आला तर एखादा कापेलही. खोटं वचन देणार नाही म्हणाला. त्याचा हेवा वाटला.

इलेनला सांगायला दोनदा तिच्या खोलीपर्यंत गेले. एकदा तिचे केस विंचरून परत आले, दुसऱ्यांदा गृहपाठ तपासून. तिने माझा तिरस्कार केला तर मी काय करू?

तुमची माया आता मागायलाही संकोच वाटतो, तरी मागते.

उर्सुला

*

वसई,
दि. २५ नोव्हेंबर २०२५

चि. उर्सुला,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या वहिनीचा भाऊ उद्याच्या विमानाने मस्कतला जातो, म्हणून घाईत लिहितो.

ती रागावेल. रागावू दे. राग तिचा हक्काचा आहे, तो तुला सोसला पाहिजे. पण न केलेली चूक ती वर्षभर वाहते आहे, ती आधी तिच्या डोक्यावरून उतरव. केस विंचरू नकोस, समोर बस आणि सांग. मग तिला घेऊन देवेशच्या दारी जा. खाबुऱ्याचेही तिला खरे तेच सांग.

मी जवळ नाही, याचे वाईट वाटते. लोभ मागायचा नसतो, तो असतो.

पप्पा

*

Sohar
१४ डिसेंबर २०२५

प्रिय आजोबा,
सा. न. वि. वि. (मम्मीने सांगितले हे लिहायचे.)

मी मराठी हळू लिहिते. चुकले तर सॉरी.

मम्मीने मला दोन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी चर्चमधून आल्यावर सांगितले. मी रडले नाही. मी विचारले की मग माझी चूक नव्हती का. मम्मी म्हणाली नव्हती. मी तीन वेळा विचारले. तिसऱ्या वेळी मम्मी रडली. मग मला खूप राग आला आणि मी दोन दिवस फक्त डॅडीशी बोलले. डॅडी पण तिच्यावर रागावले होते, पण ते झोपले पण होते कारण नाइट शिफ्ट.

नंतर मम्मी आणि मी देवेश अंकलकडे गेलो. मम्मीने दारातच सगळे सांगितले. आंटी म्हणाली की तिची मुले एक महिना खाली खेळली नाहीत, ते परत येणार आहे का. मम्मी म्हणाली नाही. आंटीने आम्हाला आत बोलावले नाही. पण दुसऱ्या दिवशी मुले खाली आली आणि मी त्यांना पिंजरा कसा लावतात ते दाखवले. कुलसुम आंटी मम्मीला खूप ओरडली आणि मग म्हणाली की आता तिच्या मेथीला रोज पाणी मम्मीने घालायचे. मम्मी घालते. अर्बाब अंकल पण ऐकून हसले नाहीत, पण त्यांनी ख्रिसमसपर्यंत टाइम दिला.

अकरा ससे जिब्रान अंकलच्या पिकअपमधून खाबुऱ्याला गेले. मी पिंजऱ्यांवर चादरी टाकल्या. मला माहीत आहे की तिथे काही ससे खातील. मला ते आवडत नाही. मम्मी म्हणाली तिला पण आवडत नाही, पण विष नाही हे तिने नक्की केले.

आता फक्त माझी ब्राऊन राहिली. तिची पिल्ले मोटरखोलीच्या मागे बिळात आहेत, म्हणून तिला एकटीला पकडायचे नाही. पिल्ले बाहेर आली की सगळ्यांना एकदम. मग त्यांना देवेश अंकलच्या बाल्कनीत जागा आहे, असे अंकलनी काल जिन्यात स्वतः सांगितले.

रोज पाच वाजता मम्मी ऑफिसमधून येते आणि आम्ही दोघी गवत टाकून भिंतीजवळ बसतो. बोलायचे नाही, हलायचे नाही, नाहीतर ती येत नाही. आधी मी मम्मीपासून लांब बसत होते. आता जवळ बसते कारण भिंत तिथेच सावलीत आहे. काल ब्राऊन आली. तिने गवत खाल्ले आणि आमच्याकडे बघत राहिली. मग ती गेली. मम्मी हळूच म्हणाली की चल, स्वयंपाक करायचा आहे. मी म्हटले, अजून पाच मिनिटे.

शेवटी लोभ असावा लिहायचे असते. लोभ म्हणजे काय ते मला नीट कळत नाही, पण तुमचा माझ्यावर असू दे.

तुमची,
इलेन