हिरोने उडी घेतलेला खडक

चि. सूनबाईस आशीर्वाद.

मी धडधाकट आहे. तुझा लेक जेवतो, माझ्याशी भांडतो, म्हणजे जीव शाबूत आहे. तुझा खोकला थांबला का?

दवाखान्यात बसून कुजशील म्हणत त्यानेच काल मला बसने शहर बघायला पिटाळलं. नटीचा बंगला दाखवला, दिसलं नुसतं फाटक. पुढे गाइड म्हणाला, "याच खडकावरून हिरोने समुद्रात उडी घेतली." लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटलं, "हिरो छत्रीखाली सरबत पीत होता. त्याच्या जागी उडी माझ्या नातवाने घेतली."

"आजी भारीच विनोदी," म्हणून सगळे हसले.

दवाखान्यात परतल्यावर तुझ्या लेकाने विचारलं, "उंच आहे ना गं खडक?"

"आहे मेल्या."

त्याचे पाय अजून हलत नाहीत. तू येशील तेव्हा त्याने त्याचे बूट आणायला सांगितलेत. ते घरीच ठेव, घाईत विसरले म्हण.

तुझी खाष्ट सासू