हेल्मेनाउचं नगरपण

गुरुवार, १ मार्च २०१८

गेर्नोटने आज नगरसभेत सांगून टाकलं — पुढच्या वर्षापासून आपलं हेल्मेनाउ शेजारच्या ब्राइटरोडे शहरात विलीन! १३४१ साली सनद मिळालेलं नगर, आणि नगराध्यक्षाने हे वाचलं कुठे, तर नाली-सफाई आणि ज्येष्ठांच्या वाढदिवसांच्या मधे! स्वरही तोच.

मी उठले. ‘लोकांना विचारलंस?’
‘रोस्विथा, विचारायला लोक आहेत कुठे?’

मागे वळून बघितलं. ऐकायला आलेले आम्ही पाच जण. त्यातल्या दोघांना तिथली शेगडी आवडते.

शुक्रवार, २ मार्च

उठले ती ठरवूनच. मतदान घ्यायला लावायचं.

मंगळवार, ६ मार्च

कारकुनाने नियम दाखवले. एकशेवीस सह्या जमल्या की लोकांचं मत घ्यावंच लागतं. एकशेवीस! पस्तीस वर्षं या गावात टपाल वाटलंय मी. कुठली घंटा वाजत नाही, कुठला कुत्रा चावतो, सगळं पाठ आहे. कारकून म्हणाला, ‘ड्युंकलबाई, निवृत्तीनंतर लोक बाग करतात.’ मी म्हटलं, ‘केली. संपली.’

शनिवार, १० मार्च

एकतीस सह्या. गुडघा सुजलाय.

लीनर्टबाईंकडे तासभर गेला. एक्क्याण्णव पूर्ण. सही करता करता थांबल्या आणि सांगत सुटल्या — पंचेचाळीस सालचा एप्रिल. अमेरिकन पलीकडच्या टेकडीवर, आणि आपलेच सैनिक गिरणीजवळचा पूल उडवायला निघालेले. ‘आम्ही चौदा बायका बटाट्यांच्या टोपल्या घेऊन पुलावर जाऊन बसलो. सोलत! तो अधिकारी ओरडला, उठा. माझी आई म्हणाली, बटाटे संपले की उठू.’

‘मग?’
‘मग काय! संपूच दिले नाहीत.’

इतकी वर्षं त्यांना पेन्शनची पाकिटं दिली. हे कधी विचारलंच नाही मी.

सोमवार, १२ मार्च

आज तोंडावर पडले. छपरं शाकारणारा उल्फ ट्रेस्के शिडीवरूनच म्हणाला, ‘बाई, ब्राइटरोडेकडे गेलो तर पोहण्याचा तलाव तरी दुरुस्त होईल. माझ्या पोरी पोहायला शिकतील. सनद घेऊन पोहता येतं का?’

उत्तर सुचलं नाही. घरी येईपर्यंत सुचलं नाही. अजूनही नाही.

बुधवार, १४ मार्च

सुचलं — म्हणजे उत्तर नाही, काम सुचलं. ब्राइटरोडेला बस पकडून गेले, त्यांच्या नगरभवनात बसून पुढच्या पाच वर्षांचा आराखडा वाचून काढला. आमच्या तलावाचं नावसुद्धा नाही! आमच्या गावासाठी एकच ओळ: ‘हेल्मेनाउ — नगरभवनाची इमारत विकणे.’

ते पान टिपून ट्रेस्केच्या शिडीखाली जाऊन उभी राहिले. तो खाली आला. दोनदा वाचलं. सही केली, पण म्हणाला, ‘तलाव मात्र तुम्ही लोकांनीच बघायचा मग.’ बघू म्हटलं.

गुरुवार, ५ एप्रिल

दोनशे चौदा सह्या! गेर्नोटच्या टेबलावर ठेवल्या. शाळेत एका बाकावर बसायचो आम्ही, तेव्हाही तो असाच खाली बघायचा.

‘मला खलनायक केलंस तू,’ म्हणाला.
‘तू गाव विकायला काढलंस.’
‘बावीस वर्षं, रोस्विथा! तू पत्रं वाटलीस, उत्तरं मी देत बसलो. दिवा गेला — गेर्नोट. बर्फ साचला — गेर्नोट. हिल्डे आजारी पडली तेव्हा मी इथे पार्किंगच्या तक्रारी वाचत होतो. ती गेली त्या आठवड्यातही. एकाने तरी विचारलं का, आता तुझ्याऐवजी कोण?’

मी विचारलं नव्हतं. त्याची बायको गेली तेव्हाची सांत्वनाची पत्रं मात्र त्याच्या दारी मीच टाकली होती. गठ्ठाच होता.

सह्या मागे घेतल्या नाहीत. पण परत येताना ताठ चालवेना.

रविवार, २४ जून

जिंकलो!! एक हजार वीस जण आले मतदानाला. विलीनीकरण नको — सातशे तीन. हवं — तीनशे सतरा. चौकात अग्निशमन दलाच्या पोरांनी सॉसेज भाजली, बँड वाजला. लीनर्टबाई चाकाच्या खुर्चीत बिअर पीत होत्या.

गेर्नोटने माझा हात हातात घेतला. ‘अभिनंदन. ऑक्टोबरच्या निवडणुकीला मी उभा नाही. आता सांभाळा.’

गुरुवार, १६ ऑगस्ट

कुणीच तयार नाही! ट्रेस्के: ‘मी छपरावर बरा.’ औषधवाला: ‘माझी बायको घर सोडून जाईल.’ शाळेतली फ्राउके तर हसलीच. सातशे तीन मतं, आणि खुर्चीत बसायला एक माणूस नाही.

सिल्केचा लायप्झिगहून फोन. ‘आई, तूच उभी राहा ना.’
‘मी? मला भांडता येतं, कारभार नाही. सहासष्ट वर्षांची आहे मी!’
‘मग भांडलीस कशाला?’

पोरगी बापावर गेलीय. फोन ठेवून दिला.

शुक्रवार, ७ सप्टेंबर

अर्जाची मुदत संपली. एकही अर्ज नाही. दुपारभर नगरभवनासमोरच्या बाकावर बसून होते. फॉर्म पिशवीत. आत गेलेच नाही — लाज वाटतेय लिहायला, पण भ्याले.

कारकुनाने दार लावताना सांगितलं, आता मतपत्रिका कोऱ्या छापणार. ज्याला जे नाव हवं ते हाताने लिहायचं. ब्राइटरोडेवाले पोट धरून हसत असतील.

शनिवार, ८ सप्टेंबर

गेर्नोटकडे कांद्याचा खारा केक घेऊन गेले. माफी मागितली — सह्यांची नाही, न विचारल्याची. त्याने आत बोलावलं. हिल्डेबद्दल बोलत राहिला. मी ऐकलं.

रविवार, २१ ऑक्टोबर

मतमोजणी. सभागृहात बसायला जागा नव्हती, लोक खिडक्यांत उभे. गेर्नोट एकेक कागद उघडून नाव मोठ्याने वाचत होता. ट्रेस्के — नऊ. फ्राउके — एकतीस. कुणीतरी आपल्या घोड्याचं नाव लिहिलं होतं. आणि माझं वाचून वाचून त्याचा आवाज बसला — पाचशे अठ्ठ्याऐंशी वेळा.

विचार करायला आठवडा देतात. मी तिथेच हो म्हणाले.