आधी भैरवी

आबा, तुम्हाला जाऊन वीसेक वर्षं झाली. एवढ्या काळात तुमची आठवण आली की हात जोडले, पण तुमच्याशी भांडावंसं कधी वाटलं नाही. आज वाटतंय. काल रविवारी जे झालं त्यात तुमचा काही दोष नाही, असं मी स्वतःला पुन्हा पुन्हा सांगून पाहिलं. सकाळी गंगेवर अंघोळ केली, जपाला बसलो, तर माळ फिरत राहिली आणि मन तुमच्याशी हुज्जत घालत राहिलं. दिवसभर कचेरीतही तेच. म्हणून घरी येऊन चहा घेतला आणि हे लिहायला घेतलं.

नोकरीने मला काशीला आणून टाकलं, हे तुम्हाला ठाऊक नाही. रेल्वेच्या कचेरीत मालाच्या पावत्या तपासतो. दिवसभर हिंदी बोलतो. मराठी उरते ती घरात, आणि घराबाहेर फक्त रविवारी दुपारी. राजा घाटाच्या वरच्या गल्लीत एक गुरुजी राहतात. त्यांचे पूर्वज मराठ्यांच्या अमदानीत इथे आले ते इथलेच झाले. घाटावर श्राद्धपक्ष चालवतात, मराठी बोलतात, पण त्यांच्या मराठीत अर्धी हिंदी असते. त्यांच्या घरी आम्ही चौघं जमतो. एक पुण्याचे प्राध्यापक, विद्यापीठात रसायन शिकवतात. एक नागपूरचे, बँकेत अधिकारी. आणि मी. रिवाज असा की प्रत्येकाने एक कॅसेट आणायची, आणि एकच गाणं लावायचं. हल्ली आपण जे ऐकतोय, ज्यात जीव अडकलाय, ते. ते भारी आहे का हलकं, फिल्मी आहे का देवाचं, हे कुणी विचारायचं नाही. कॅसेट घरूनच पेन्सिलीने फिरवून बरोबर जागी आणून ठेवायची. एवढाच आमचा खेळ. पन्नाशीला आलेली माणसं शाळेतल्या पोरांसारखी वाट पाहतात, खरं सांगतो.

माझा जीव गेले काही महिने एका भजनात अडकलाय. पहाटे रेडिओवर लागलं होतं आणि नशिबाने कॅसेट घातलेली होती, म्हणून उतरवून घेतलं. सुरुवात निसटली, गाणाऱ्याचं नावही निसटलं. मधूनमधून खरखर आहे. भैरवी आहे. अंतरा घेण्यापूर्वी तो गाणारा क्षणभर थांबतो. श्वासाला थांबत नाही. पुढे जावं की नको असं स्वतःला विचारल्यासारखा थांबतो. आबा, तुम्ही दुकानात कपडे शिवताना गुणगुणत असायचा, आणि वरचा सूर जवळ आला की मशीनच्या पायडलवरचा पाय उचलायचा. मशीन बंद, सुई कापडात तशीच उभी, आणि मग तो सूर. गिऱ्हाईक समोर ताटकळत असलं तरी. तोच थांबा आहे हा. मी हे घरात कुणाला सांगितलेलं नाही. मुलांना सांगितलं तर ती म्हणतील, "बाबा, फिर शुरू हो गए."

आता भांडणाचं कारण सांगतो. भैरवी झाली की मैफल संपली. नंतर कुणी तोंड उघडायचं नाही. हे मला तुम्ही शिकवलंत. एकादशीचं भजन संपलं होतं, तुम्ही पेटीचा भाता बांधत होता, मी टाळ पिशवीत भरत होतो आणि सहज पुढचा एक अभंग गुणगुणलो. तुम्ही मान वर न करता म्हणालात, "शेजारती झाल्यावर देवाला पुन्हा उठवतात का रे?" मारलं नाहीत, ओरडलाही नाहीत. मारलं असतंत तर मी विसरलो असतो.

तर माझं गाणं भैरवी, म्हणून त्याचा नंबर शेवटी. दर रविवारी शेवटी. आणि शेवटी म्हणजे कधीच नाही. एकदा वीज गेली आणि सेल इतके उतरलेले होते की गाणारा झोपेत बोलल्यासारखा लांबट बोलायला लागला. मीच बंद केलं. एकदा खालून हाक आली, "पंडितजी, जजमान आये हैं," आणि गुरुजी उपरणं सावरत उठले. एका रविवारी प्राध्यापकांनी एक गझल लावली आणि मग ती किती थोर आहे हे संध्याकाळपर्यंत समजावून सांगितलं. वर निघताना मलाच म्हणाले, "काय रेल्वेवाले, तुमची गाडी आजही लेट?" बँकवाले तेवढे दर वेळी जिन्यात थांबून म्हणायचे, "तुमचं राहून राहिलं ना भाऊ. पुढच्या खेपेला ऐकू." ते खरंच ऐकतात. गाणं चालू असलं की चहाला हात लावत नाहीत. माझं भजन ऐकावं तर त्यांनी, असं मी मनात धरून बसलो होतो.

कॅसेटला हा नियम लागू नाही, हे मला पटत नाही का? पटतं. प्राध्यापकच एकदा म्हणाले होते, "अहो, कॅसेटला कसली आलीय भैरवी? मी रात्रीचा राग सकाळी दाढी करताना ऐकतो, अजून एकदाही कापलेलं नाही." खरंच आहे. रेडिओवर पहाटे भैरवी लागते आणि लगेच पाठोपाठ बातम्या लागतात. बातम्यांना चालतं, मग गाण्याला का चालू नये? जपाला बसलो असताना मी देवालाही विचारलं. त्याची काही हरकत दिसली नाही. हरकत तुमचीच.

मग बँकवाल्यांची बदली झाली. रायपूरला. सामान बांधून झालं, बायको-मुलं पुढे गेली, आणि कालचा रविवार त्यांचा इथला शेवटचा. मी ठरवलं, काल लावायचंच, आणि सगळ्यांत आधी लावायचं. उन्हाने घाटाच्या पायऱ्या तापलेल्या. मुन्शी घाटाकडून नदीकाठाने चालत गेलो, घामाने कॅसेट भिजू नये म्हणून ती हातातच धरली होती. वर पोचलो तर तिघं आधीच बसलेले. गुरुजींकडच्या वहिनींनी पन्हं आणि आंब्याची डाळ पुढे ठेवलेली. मी बसलोही नाही. म्हटलं, "आज माझं पहिलं लावा."

"लावू की," गुरुजी म्हणाले. "काय आहे?"

"भजन आहे. भैरवी."

टेपरेकॉर्डरकडे गेलेला गुरुजींचा हात तिथेच थांबला. "पहिलेच भैरवी? अहो, मग नंतर काय लावायचं? आमच्याकडे असं नाही चलत. अंतमध्ये लावू ना, आज कोणी उठणार नाही. जजमानलाही सांगून ठेवलं आहे, आज छुट्टी."

"दर वेळी असंच म्हणता, गुरुजी."

"लावू द्या ना बाप्पा त्यांना," बँकवाले म्हणाले. "किती दिवसांचं राहून राहिलं त्यांचं. अन् मी काय पुन्हा येतो का इथं?"

प्राध्यापक हसले. "लावा लावा. भैरवी आधी लावली म्हणून काही गंगा उलटी वाहत नाही. तशी काशीत ती उलटीच वाहते, उत्तरेकडे."

लावलं. आबा, मी गाणं ऐकलंच नाही. मी बँकवाल्यांचं तोंड पाहत होतो. तो थांबा आला तेव्हा त्यांनी डोळे मिटलेले होते, आणि त्यांची भुवई किंचित वर गेली. तेवढंच. भजन संपलं, निवेदकाचा अर्धा शब्द आला आणि कॅसेट खट्‌कन थांबली.  बँकवाल्यांनी डोळे उघडले, म्हणाले, "छान आहे. खरखर थोडी जास्तच आहे, नाही?" मग विचारलं, "गायलं कोणी?" मला सांगता आलं नाही. इतके महिने मी ज्याची वाट पाहिली ते एवढंच होतं.

मग प्राध्यापकांची पाळी. त्यांनी माझी कॅसेट काढली, स्वतःची घातली, झाकण लावलं. बटणावर बोट ठेवलं. आम्ही सगळे त्या बोटाकडे पाहत राहिलो. त्यांनी गुरुजींकडे पाहिलं.  गुरुजींनी नुसते पन्ह्याचे पेले एकात एक घालायला घेतले, सगळं आटोपल्यावर घालतात तसे. प्राध्यापकांनी बोट उचललं. झाकण उघडून कॅसेट बाहेर काढली. "छे," ते म्हणाले. "आता नाही होत." आणि मग माझ्यावर उखडले. "तुम्ही घोटाळा केलात हो. चांगली दिल्लीहून मागवली होती मी, खास आजच्यासाठी. एवढा शेवटचा दिवस त्यांचा!"

"पण तुम्हीच म्हणाला होतात की कॅसेटला भैरवी नसते."

"म्हणालो होतो! म्हणायला काय जातंय?"

बँकवाले मधे पडले. "जाऊ द्या ना, सर." त्यांनी शर्टाच्या खिशातून त्यांची कॅसेट काढली. रुमालात गुंडाळलेली होती. ती त्यांनी हातात उलटी केली, सुलटी केली, आणि परत खिशात ठेवली. "माझंही राहू द्या मग. तिकडं जाऊन ऐकतो मी."

मी म्हणालो, "नाही, लावा. माझ्यासाठी लावा. नियम मोडायचा तर मीच मोडलाय." ते हसून म्हणाले, "नको भाऊ. तुमचं कानात आहे अजून."  वहिनी आतून विचारत आल्या, "अरे, आज इतक्या जल्दी झालं?" आणि आम्ही उठलो. जिन्यात त्यांनी माझा हात हातात घेतला, पत्ता कळवतो म्हणाले. कोणतं गाणं आणलं होतं, एवढंही मी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलंही असतं. आज दुपारच्या गाडीने ते गेले. त्यांचा जीव सध्या कशात अडकलाय, ते मला आता कळणार नाही.

म्हणून तुमच्यावर राग आहे. तुम्ही दार लावायला शिकवलंत. कुणी बाहेर राहिलं असेल तर काय करायचं, ते शिकवलं नाहीत. तुमच्या भजनात तीच माणसं, तेच अभंग, तीच एकादशी. कुणाची बदली होत नव्हती. तिथे पुढच्या वेळी म्हटलं की पुढची वेळ यायची. आमच्याकडे माणसं उठून जातात, आबा, आणि आम्ही चौघं शिकले-सवरलेले असून एका कॅसेटच्या बटणापुढे हात बांधून बसतो. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "एवढं काय? टपालाने मागवा." तिला मी रागावलो, उगीचच. टपालाने गाणं येईल. ती दुपार यायची नाही.

हे तुम्हाला कुठे धाडायचं, हा प्रश्नच नाही. शेजारचे म्हणतील गंगेत सोडा, इथे लोक सगळंच सोडतात. पण मी खाली कपडे धुणाऱ्यांच्या दगडांना असे भिजलेले कागद चिकटलेले रोज पाहतो. फाडून टाकीन किंवा कपाटात राहील.

पण लिहायला घेतलंच आहे तर एक सांगतो. प्राध्यापकांनी बटणावरचं बोट उचललं, तेव्हा मला वाईट वाटायला हवं होतं. वाटलं, पण नंतर, जिना उतरताना. त्या क्षणी नाही. तुम्हाला ज्यांनी कधी पाहिलं नाही, तुमचं नावही ज्यांना ठाऊक नाही, अशी तीन माणसं तुम्ही सांगितल्यासारखी गप्प बसली होती. मला इतकं बरं वाटलं, आबा, की मी मान खाली घालून आंब्याची डाळ खात राहिलो, तोंडावरचं हसू कुणाला दिसू नये म्हणून.