मावशीच्या लॅबचं कुलूप

प्रिय मावशी,

तुझ्या लॅबमधले रक्ताचे रिपोर्ट व्हायरसने अडकले नव्हते. मी अडकवले. आमच्या कंपनीचं सॉफ्टवेअर तू एकाच लायसन्सवर दोन कॉम्प्युटरवर चालवतेस, हे कंपनीला कळलं. साहेब म्हणाले, "कोर्टकचेरी कोण करत बसणार? इथूनच बंद कर." मी बसल्या जागी बंद केलं. पाचच मिनिटांत तुझा फोन: "अरे, पेशंट खोळंबलेत, बघ ना जरा!" आणि मी व्हायरसवर ढकललं.

मग तुला कंपनीची नोटीस आली. तू लिहून दिलंस, 'कॉपी मीच केली.' अगं, तुला साधा फोटो पाठवता येत नाही! दुसऱ्या कॉम्प्युटरवर ते सॉफ्टवेअर मीच टाकून दिलं होतं, तेही ऐटीत.

काल तू हळूच विचारलंस, "तुझं नाव कुठे आलं नाही ना रे?"

"नाही," म्हटलं. हे पत्रही खिशातच राहील.

तुझा भाचा